प्लेट तुटली, पण माल खोटा नव्हता

आमच्या लॅबमध्ये येतं ते सगळं तुटलेलंच असतं. क्रँकशाफ्ट, स्प्रिंगा, गिअरचे दात, डोकं उडालेले बोल्ट. भोसरी एमआयडीसीत फेल्युअर ॲनालिसिस करायचं म्हणजे माल देणारा आणि पार्ट बनवणारा एकमेकांवर ढकलत असतात आणि आपण मधे बसून तडा कुठून सुरू झाला ते शोधायचं. इतकी वर्षं हेच करतोय, पण माणसाच्या मांडीतून काढलेला पार्ट टेबलावर आला तो दिवस वेगळा होता. आई, मुलगा आणि डॉक्टर तिघांना विचारूनच लिहितोय, नावगाव देत नाही.

तिशीतला मुलगा, चाकणला सीएनसी ऑपरेटर, सेकंड शिफ्टला जायच्या आधी आला होता. प्लास्टिकच्या डबीत स्टीलच्या प्लेटचे दोन तुकडे, काही स्क्रू, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. प्लेट त्याच्या आईच्या मांडीच्या हाडातली. आई सांगली जिल्ह्यात गावाकडे असतात, उसाच्या ट्रॉलीवरून पडून हाड मोडलं, ऑपरेशन होऊन बाहेरच्या अंगाला लॉकिंग प्लेट बसवली, वॉकर घेऊन चालायला लागल्या, आणि सात-आठ महिन्यांनी एका सकाळी ओट्यावरून उठताना कट्ट असा आवाज आला आणि पाय वाकडा झाला. पडल्या नाहीत, धडकल्या नाहीत, नुसत्या उठल्या.

"सर, माल डुप्लिकेट होता का तेवढं सांगा, पुढं काय करायचं ते मी बघतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता पण हात थरथरत होते. गावात कुणीतरी प्लेटला चुंबक लावून बघितला होता, चिकटला नाही, त्यामुळे "हे स्टीलच नाही" हे सगळ्या भावकीत पक्कं झालेलं. आता हा स्वतः मशिनवर एसएस कापणारा माणूस, त्याला माहितीये की स्टेनलेसला चुंबक धरतोच असं नाही, पण आईचा पाय दुसऱ्यांदा मोडल्यावर असलं ज्ञान कुठं आठवतंय.

त्याला सांगितलं की शरीरात बसवायच्या ३१६एल स्टीलला चुंबक चिकटायलाच नको. त्यात निकेल १३ ते १५ टक्के असतं, साध्या ३१६एलपेक्षा जास्त, ते मुद्दाम, म्हणजे स्टील पूर्ण ऑस्टेनाइट, चुंबक न धरणाऱ्या रचनेचं, राहतं आणि त्यात डेल्टा फेराइट, म्हणजे चुंबक धरणारी रचना, शिल्लक राहत नाही. चिकटला असता तर मला शंका आली असती.

बोलता बोलता त्याने दोन्ही तुकडे उचलले आणि कसे जुळतात ते दाखवायला एकमेकांना लावायला गेला. मी हात धरला त्याचा. तुटलेल्या पार्टचे तुकडे कधीच जुळवून बघायचे नाहीत, हे जितक्या लोकांपर्यंत पोचेल तितकं बरं. काय झालं ते सगळं त्या तुटलेल्या तोंडावर लिहिलेलं असतं, मायक्रॉनच्या मापात, आणि एकदा घासलं की गेलं. हॉस्पिटलमध्ये तर अजून हाल होतात, काढलेली प्लेट हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या पाण्यात, रात्रभर बुडवून ठेवतात, त्यातल्या क्लोरीनने स्टेनलेसला खड्डे पडतात आणि नंतर कळत नाही की गंज शरीरात लागला की बादलीत. काढलेलं इम्प्लांट कसं हाताळायचं, कसं धुवायचं, कसं तपासायचं याचं आयएसओ १२८९१ हे स्टँडर्ड आहे, पण ऑपरेशन थिएटरमधल्या किती जणांना ते कुणी सांगितलंय? या डॉक्टरांनी मात्र नीट ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, सुकी प्लेट पाठवली होती. तरी शरीरातच तुकडे एकमेकांवर घासून अर्धी बाजू चमकत होती. उरलेली अर्धी वाचली होती, तेवढी पुरते.

ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिकने धुवून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरली तेव्हा दोन मिनिटांत कळलं की हे फटिग आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड येऊन धातू थकून तुटणं. बीच मार्क स्पष्ट होते, ओहोटीला पाणी मागं सरताना वाळूवर ओळी सोडतं तशा वक्र रेषा, आणि त्या सगळ्या मागं मागं नेल्या की एका ठिकाणी पोचत होत्या: स्क्रू न घातलेल्या रिकाम्या भोकाची कड, प्लेटची बाहेरची बाजू. तडा एका जागी नाही, शेजारी शेजारी तीन-चार जागी सुरू होऊन मग एक झालेला. आणि शेवटी एकदम तुटलेला भाग अगदी छोटा, कोपऱ्यातला. म्हणजे एका वेळचा लोड फार मोठा नव्हता, पण तो पुन्हा पुन्हा येत होता. ओट्यावरून उठताना तुटली ती फक्त राहिलेली शेवटची पट्टी.

मुलाला तिथंच स्क्रीनवर दाखवलं. त्याने एकच विचारलं, "म्हणजे आधीपासून तुटत होती?" हो म्हणालो. तो गप्प झाला आणि शिफ्टला गेला.

माल तपासणं हे सोपं काम होतं. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती टक्के आहे ते सांगणाऱ्या मशिनवर, क्रोमियम १७.६, निकेल १४.१, मॉलिब्डेनम २.८, कार्बन ०.०३ च्या आत. या स्टीलसाठी एक नियम आहे, क्रोमियम अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, बेरीज २६ च्या खाली जाता कामा नये, कारण शरीरातलं पाणी म्हणजे कोमट खारं पाणी, त्यात खड्डे पडू नयेत म्हणून. इथं २६.८ आली. पॉलिश करून, ॲसिडने एच करून मायक्रोस्कोपखाली आतली रचना बघितली, ग्रेन म्हणजे धातूचे कण बारीक, डेल्टा फेराइट नाही, इन्क्लुजन म्हणजे आत अडकलेली अशुद्धी मर्यादेत, हार्डनेस बरोबर. तडा सुरू झाला त्या जागी इन्क्लुजन नाही, टूलचा खोल ओरखडा नाही. खरं सांगतो, काहीतरी खोट सापडली असती तर रिपोर्ट लिहायला सोपा गेला असता.

एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, आमच्याकडे नाही, बाहेर स्लॉट घ्यावा लागतो. तिथं जे दिसलं त्यामुळे हे सगळं लिहायला बसलोय. मोठं करत गेलो तशा स्ट्रायेशन दिसायला लागल्या, समांतर बारीक रेघा, आणि फटिगमध्ये तडा असा स्थिर वेगाने पुढं सरकत असतो तिथं साधारण एका लोडला एक रेघ पडते. गाडीच्या पार्टमध्ये लोड म्हणजे इंजिनचा फेरा. इथं लोड म्हणजे पाऊल. त्या बाईंनी टाकलेलं एकेक पाऊल तिथं स्टीलवर उमटलं होतं. तड्याच्या मध्यावर दोन रेघांतलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास भरलं, म्हणजे एक मिलिमीटर तडा पुढं जायला दोन हजार पावलं. सुरुवातीला तर तडा याहून खूप हळू सरकतो. जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची प्लेट, तडा पडलेल्या अवस्थेत ती बाई किती तरी दिवस घरात, गोठ्यात, अंगणात चालत होती. मी एसईएमच्या ऑपरेटरला म्हटलं जरा थांब, आणि नुसता बघत बसलो.

लोड किती येतो याचेही आकडे आहेत. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये बर्गमान आणि त्यांच्या टीमने सेन्सर घातलेले कृत्रिम खुबे माणसांत बसवून मोजलंय, साधं चालताना खुब्यावर वजनाच्या जवळजवळ अडीच पट जोर येतो. साठ किलोची बाई असेल तर दीडशे किलो. हाड जुळलेलं असेल तर हा भार हाड घेतं, प्लेट नुसती सोबत असते. हाडात फट राहिली तर प्रत्येक पावलाला प्लेट वाकते आणि बाहेरची बाजू ताणली जाते, बरोब्बर जिथून आमचा तडा सुरू झाला होता तिथं. वॉकर घेऊन दिवसाला त्या पायावर हजारच पावलं धरली तरी सहा महिन्यांत पावणेदोन लाखाच्या वर जातात. ऑर्थोपेडिकवाले म्हणतात ना, हाड जुळणं आणि इम्प्लांट थकणं यांची शर्यत असते, ते शब्दशः खरं आहे. रेल्वेच्या एक्सलपासून हेच चाललंय, १८४२ ला पॅरिसजवळ व्हर्सायच्या गाडीचा एक्सल तुटून माणसं मेली तेव्हापासून लोक विचारतायत की चांगलं लोखंड साध्या लोडला का तुटतं, आणि जर्मनीत व्होलर या रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं एक्सल फिरवून त्याचं उत्तर काढलं. मांडीतल्या प्लेटला काही वेगळा नियम नाही.

डॉक्टरांना फोन केला. जिल्ह्याच्या गावातले, ओपीडी संपवून रात्री बोलले, आणि फार मोकळेपणाने बोलले. प्लेट काढली ती त्यांनी, बसवली होती दुसरीकडे. सगळे एक्स-रे त्यांनी मिळवून पाठवले. पहिल्या एक्स-रेत मांडीच्या आतल्या बाजूला हाडाचे बारीक तुकडे आणि फट, चार महिन्यांच्या एक्स-रेत फट तशीच. मी रिकाम्या भोकाबद्दल विचारलं, तर म्हणाले ती चूक म्हणू नका, फ्रॅक्चरसमोर एक-दोन भोकं रिकामी ठेवतातच, नाहीतर प्लेट फार ताठ होते, सगळा ताण थोड्याशा लांबीत एकवटतो आणि हाडालाही जुळायला लागते ती थोडी हालचाल मिळत नाही. मग रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं: तडा भोकाशी सुरू झाला कारण तिथं प्लेटचा छेद लहान आहे, भोक हे जागेचं कारण, तुटण्याचं नाही.

तुटण्याचं कारण हाड न जुळणं. आणि हाड का जुळलं नाही, ते माझ्या मायक्रोस्कोपखाली दिसणारं नव्हतं. ते डॉक्टरांनी शोधलं. प्लेट काढताना त्यांनी आतल्या वेगवेगळ्या जागांचे टिश्यू कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का बघायला, पाठवले होते. जखम वरून स्वच्छ, पू नाही, ताप नाही, पण एकापेक्षा जास्त सँपलमध्ये तोच जंतू वाढला. २०१८ साली फ्रॅक्चरच्या इन्फेक्शनची जी सर्वमान्य व्याख्या ठरली तिच्यात हे बसतं: दोन वेगवेगळ्या खोल सँपलमध्ये एकच जंतू आला तर इन्फेक्शन आहे असंच धरायचं, बाहेरून काही दिसो ना दिसो. हे जंतू धातूवर बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, करून बसतात, तिथं अँटिबायोटिक नीट पोचत नाही, आणि हाडाची जुळणी मंदावते. वर बाईंना शुगर, आणि लहानपणापासून मशेरी. डॉक्टर म्हणाले हे तिन्ही एकत्र आल्यावर हाडाने तरी काय करावं.

मुलगा रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा त्याला सगळं सविस्तर सांगितलं. स्ट्रायेशनचा फोटो त्याने लगेच ओळखला, म्हणाला आमच्याकडे शाफ्ट तुटतो तेव्हा क्वालिटीवाले हेच दाखवतात. मग विचारलं, टायटॅनियमची टाकली असती तर तुटली नसती ना? हा प्रश्न सगळेच विचारतात. टायटॅनियम मिश्रधातूचा ताठपणा ११० गिगापास्कल, या स्टीलचा १९०, हाडाचा वीसच्या आत. टायटॅनियम हाडाच्या जरा जवळचं, लवचीक, काही ठिकाणी त्याचा फायदा होतो, पण त्याला ओरखडा आणि खाच अजिबात सोसत नाही, आणि फट तशीच राहिली असती तर तीही आज ना उद्या तुटली असती. जगभर नवीन मटेरियलवर खूप चांगलं काम चाललंय, विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपात २०१३ पासून परवानगी आहे, चांदीचा थर दिलेली इम्प्लांट निघालीत, जंतूंना चिकटूच न देणारे पृष्ठभाग करायला बघतायत. मला त्यातलं हे पृष्ठभागांचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्लेट अजून ताकदवान करून या बाईंचा पाय वाचला नसता, जंतू बसला नसता तर वाचला असता.

मग त्यानेच सांगितलं की आई दीड-दोन महिने म्हणत होती, पाय टेकला की कळ येते. घरी वाटलं थंडीने असेल. दुखण्याची गोळी दिली गेली, एक्स-रे कुणी काढला नाही. मी रेघांचं अंतर धरून हिशोब करून बघितला, तडा सरकत होता तो काळ आणि दुखत होतं तो काळ एकच असणार. प्लेट बसवलेल्या माणसाला महिन्यांनंतर नव्याने दुखायला लागलं तर ते दुखणं म्हणजे कदाचित आत धातू तुटतोय, हे बाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. याचा मला त्रास झाला, अजून होतो.

माल खोटा नव्हता, तरी डॉक्टरांनी मटेरिओव्हिजिलन्सचा फॉर्म भरला. २०१५ पासून ही देशव्यापी योजना आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते, इम्प्लांट किंवा कुठल्याही उपकरणामुळे काही विपरीत घडलं तर तिथं कळवता येतं, आणि दोष सिद्ध व्हायची वाट बघायची नसते. आमच्या ऑटोमध्ये एक बोल्ट तुटला तर बॅच नंबरसकट चार कंपन्यांत मेल फिरतात. प्लेट तुटली की बहुतेक वेळा ती घरच्यांच्या हातात किंवा बायोमेडिकल कचऱ्यात जाते.

आता बाईंच्या मांडीत अँटिबायोटिक मिसळलेल्या बोन सिमेंटचा थर दिलेला नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालायचा रॉड, आहे. इन्फेक्शन गेलं की तो काढून नवीन नेल आणि कमरेच्या हाडातलं बोन ग्राफ्ट घालायचं असं डॉक्टरांचं ठरलंय. शुगर आटोक्यात आणलीये, मशेरी सुटली म्हणतात. मुलाने शेवटी विचारलं की हा नवीन रॉड किती टिकेल. मी म्हटलं ते रॉडवर नाही, हाडावर आहे. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे, तोपर्यंत पाय टेकताना कळ आली तर त्याच दिवशी फोन करायचा, गोळी खाऊन थांबायचं नाही, हे डॉक्टरांनी आईंना समोर बसवून सांगितलंय आणि मुलालाही.