स्पेसर नको, एक खेप जास्त

रविवार, रात्रीचे साडेअकरा

धाकट्याने आणलेली खोकी अजून दाराशी चपलांच्या शेजारी पडून आहेत. आत चार स्पेसर आहेत, म्हणजे पिकअपचं चाक बाहेर सरकवायला हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायच्या धातूच्या चकत्या. एक जोडी आठ मिलिमीटरची, चपटी, स्टडवर (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टवर) नुसती सरकवायची. दुसरी तीस मिलिमीटरची, जाडजूड ॲल्युमिनियमची, स्वतःचे स्टड असलेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याने ती परतीच्या बोलीवर आणलीत. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते ठरवायचं होतं. ते आज ठरलं, म्हणून लिहून ठेवतोय.

सुरुवात गेल्या मंगळवारी झाली. पेणजवळच्या हमरापूरहून शाडूच्या साठ मूर्ती घेऊन निघालो होतो. पिकअपच्या हौद्यात फळ्यांचे दोन माळे बांधलेले आणि मूर्तींच्या मधल्या फटींत भाताचा पेंढा कोंबलेला. खारपाड्याचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. कर्नाळ्याच्या खिंडीत वळणावर खड्डा चुकवायला गेलो आणि गाडीने अंग टाकलं. उलटायला आली नव्हती, पण हौदा डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. परळला उतरवताना पाहिलं तर वरच्या माळ्यावरच्या एका मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटातून सुटला होता. प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती, मूर्तिकाराने दुसरी दिलीही. तरी तो चिमूटभर ओला हात तळहातावर घेऊन मी बराच वेळ फुटपाथवर उभा होतो. लोक वर्षभर ज्याची वाट पाहतात तो माझ्या हौद्यात बसून येतो. ते मला साधं भाडं वाटत नाही, कधीच वाटलं नाही.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. "दादा, मागची चाकं बाहेर काढू. गाडी रुंद उभी राहील, डोलणार नाही." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. दोन्ही बाजूंना तीस-तीस मिलिमीटर म्हणजे चाकांमधलं अंतर सहा सेंटिमीटरने वाढतं. आपलं अंतर साधारण दीड मीटर, म्हणजे चार टक्के वाढ. उलटण्याच्या बाबतीत तेवढा फायदा खरा आहे.

आज दुपारी मानखुर्दला मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी मागचं डावं चाक उतरवलं आणि आधी पातळ स्पेसर चढवून दाखवला. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधोमध जो कडा असतो, ज्यावर चाकाची डिश (लोखंडी तबकडी) नेमकी बसते, तो स्पेसरने जवळजवळ गिळला. म्हणजे चाक मधोमध बसवायचं कामही आता नटांवरच. मग त्यांनी मलाच नट हातात दिला. "फेरे मोजा." स्पेसर नसताना हाताने नऊ फेरे बसले. स्पेसर लावल्यावर चारही पुरे झाले नाहीत. आमचा स्टड बारा मिलिमीटर जाडीचा, आटा दीड मिलिमीटरचा, म्हणजे एका फेऱ्यात नट दीड मिलिमीटर पुढे जातो. नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी आट्यांत धरलेला हवा, म्हणजे आठ फेरे. बोटांना ते चार फेरे लागल्यावर पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. लांब स्टड बदलून घातले तरच त्या जोडीचा विचार करता येतो.

जाड जोडीत आट्यांची अडचण नाही. तो स्पेसर हबला सहा नटांनी आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्टडवर. चांगल्या कारागिरीचा, हबवर आणि डिशमध्ये नीट बसणारा असेल, टॉर्क पान्याने आवळला असेल आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर पुन्हा तपासला असेल तर तो चालतोही. मी त्याला वाईट म्हणणार नाही. माझी अडचण वेगळी आहे. आतले सहा नट चाकाखाली झाकले जातात. मी रोज पहाटे निघण्याआधी टॉर्च घेऊन चारही चाकांच्या नटांवरून हात फिरवतो. वडील करायचे, म्हणून मीही करतो. त्या आतल्या नटांपर्यंत हात पोहोचणार नाही. पावसाळ्यात सायन-पनवेलचे खड्डे खात, चाक तीन सेंटिमीटर बाहेर लटकून बेअरिंगवर जास्त जोर देत असताना आत काय सैल झालंय ते मला चाक उतरवल्याशिवाय कळणार नाही.

पण मुख्य गोष्ट मिस्त्रींनी शेवटी सांगितली, आणि ती माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, एकसंध आहे; हौदा डोलतो तो त्यावरच्या पाट्यांवर, पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर. चाकं बाहेर गेली तरी पाटे होते तिथेच राहणार. म्हणजे मंगळवारी जे डोलणं झालं त्याला स्पेसर जवळपास हातच लावत नाही! मग ते गाडीखाली शिरले. डाव्या शॉकअपवर (डोलणं शमवणाऱ्या दांड्यावर) तेल ओघळून धूळ चिकटलेली, दाबला तर सायकलच्या पंपासारखा अलगद आत. पाट्याच्या पुढच्या टोकाच्या भोकातला, म्हणजे डोळ्यातला, बुश झिजून अंडाकृती झालेला. दोन महिन्यांपासून खडखड ऐकू येत होती आणि मी ती रिकाम्या फळ्यांची समजत होतो. याचं मला खरंच वाईट वाटलं.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ मापांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आमचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, जवळ आलंय. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक तपासणीत लपत नाही. आणि अपघात झाला तर विमावाल्यांच्या हातात आयतंच कारण.

तर ठरलं ते असं. मागचे दोन्ही शॉकअप आणि पाट्यांचे बुश नवे, उद्या दुपारपर्यंत होतील. वरचा माळा काढायचा. तीस मूर्ती वरून गेल्या की वजनाचा मध्य जितका खाली येतो, तितकं स्पेसरने कधीच साधलं नसतं. साठऐवजी तीस मूर्ती, म्हणजे दोन खेपा, डिझेल दुप्पट. आठ ठिकाणी पोहोचवायचं आहे, त्यातल्या कुणाकडून जास्त भाडं मागणार नाही, कारण बोली आधीच झाली होती. पुढच्या वर्षीची बोली एका माळ्याची करायची.

धाकट्याला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो जरा हिरमुसला. त्याने मनापासून आणलं होतं, हे मी त्याला बोलूनही दाखवलं. मग त्याने फोन काढून गणित मांडलं आणि म्हणाला, "मग दादा, दुसऱ्या खेपेला मी चालवतो, तू झोप."

मंगळवारी पहाटे चारला निघायचं आहे. पेंढा नवा लागेल, जुना भिजलाय.