अँबेसेडरचे टायमिंग : डिस्ट्रिब्यूटरचा दांडा एका दाताने चुकला होता

आमच्या घरची १९८४ सालची, १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची अँबेसेडर इंजिन उतरवून पुन्हा जोडल्यानंतर सुरू तर होत होती, पण चढाला दम सोडत होती. साताऱ्यातल्या समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट चढू लागले की दुसऱ्याच वळणावर तिसरा गियर सोडावा लागे, तापमानाचा काटा वर सरके आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके वाजत. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की ठिणगी उशिरा पडत असल्याचा संशय घ्यावाच लागतो, कारण उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टनला ढकलण्याऐवजी आपली बरीचशी उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात सोडून देते.

टायमिंग पुढे घेण्यासाठी, म्हणजे ठिणगी लवकर पडावी म्हणून, डिस्ट्रिब्यूटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची) बॉडी त्याच्या आतल्या रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरवावी लागते. या इंजिनात वरून पाहिले असता रोटर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतो, म्हणून मी क्लॅम्प ढिला करून बॉडी काट्यांच्या दिशेने फिरवली. जेमतेम बोटभर फिरली आणि बॉडीच्या बाजूला असलेली व्हॅक्यूमची डबी (इंजिनाच्या ओढीनुसार टायमिंग बदलणारी) इंजिनाच्या ब्लॉकला टेकली. त्यापुढे जागाच नव्हती, तरीही टायमिंग लेटच राहिले. इंजिन जोडून देणाऱ्या कारागिराने कानाने अंदाज घेत टायमिंग लावले होते आणि डबी अडण्याच्या जरा अलीकडे ते सोडून दिले होते. कानाने टायमिंग लावण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही, परंतु तिने मूळ जोडणीतली चूक झाकली जाते, हे या प्रकरणात मला स्पष्ट दिसले.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी टायमिंगला पुन्हा हात लावला नाही, आधी पॉइंटचा, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या स्पर्शकांचा, गॅप तपासला. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप कमी होत जातो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जाते. म्हणून टायमिंग आधी लावून नंतर गॅप नीट केला, तर लावलेले टायमिंग पुन्हा बिघडते. माझ्या गाडीत गॅप ०.२५ मिमी निघाला. फिलर गेजच्या पात्याने तो ०.३८ मिमी, म्हणजे १५ थाऊ (इंचाचे हजारांश) केला. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केले आणि इंजिन संथ चालू ठेवून स्ट्रोब लाइटने (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) पाहिले. पूर्वी पुलीवरची खाच टायमिंग कव्हरचे लांब टोक ओलांडून गेलेली दिसत असे, म्हणजे ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचून गेल्यानंतर पडत होती. गॅप दुरुस्त केल्यावर ती टोकाच्या जरा अलीकडे आली. सुधारणा झाली होती, पण पुरेशी नव्हती.

त्यानंतर ती खाच तरी खरी आहे का, हा प्रश्न उरला. प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनचा माथा शोधण्याचा प्रकार मला पटत नाही. टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थितीच्या, आसपास क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही आणि या हेडमध्ये प्लगची भोके तिरपी असल्याने सळई सरळ बसतही नाही. म्हणून एका जुन्या प्लगमधील चिनी मातीचा भाग फोडून काढला, उरलेल्या लोखंडी बुडात आटे पाडले आणि त्यात बोल्ट बसवून त्याचा अडसर तयार केला. तो एक नंबरच्या सिलिंडरमध्ये लावून, बाकीचे तीन प्लग काढून, इंजिन हाताने हळूहळू दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवले आणि दोन्ही वेळा पुलीवर खडूची खूण केली. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी असतो. पुलीचा परिघ सुतळीने मोजला तो ४३२ मिमी भरला, म्हणजे एक अंशाला १.२ मिमी. कारखान्याची खाच आणि माझा मध्यबिंदू यांत मिलिमीटरचाही फरक आला नाही, त्यामुळे पुलीवरचा संशय तिथेच मिटला. पुलीवर पांढरी कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर १२ अंशांपर्यंत रेघा आखून ठेवल्या आहेत, त्या पुढे फार उपयोगी पडल्या.

खाच टोकासमोर आली तरी एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर, हे पुली सांगत नाही. पूर्वी टॅक्सींची कामे करणारे आमच्या गल्लीतले अण्णा त्या दिवशी बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "आधी रॉकर कव्हर काढ. चार नंबरचे व्हॉल्व्ह बघ, मग एक नंबरचं बोल." चार नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असताना इनलेट उघडू लागतो, दोन्ही रॉकर क्षणभर एकत्र हलतात, त्याच वेळी एक नंबर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असतो. त्या स्थितीत डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली. रोटर एक नंबरच्या वायरकडेच निघाला होता, पण तिथवर पोहोचला नव्हता, अलीकडेच तिरका थांबला होता. म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला खालून फिरवणारा दांडा जोडताना एका दाताने चुकीचा बसला होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पॉइंट आणि कॅप हे दोन्ही बॉडीवरच असतात, त्यामुळे बॉडी कोणत्याही कोनात असली तरी वायरी १-३-४-२ या सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने बसवून टायमिंग अचूक लावता येते. दांडा अर्धा फेरा चुकीचा बसला आणि वायरी समोरासमोर बदलल्या, तरी इंजिनाला त्याने काहीही फरक पडत नाही. म्हणजे दांड्याचा एक दात चुकणे हा स्वतः टायमिंगचा दोष नव्हे. तो दोष ठरतो तो डबीला फिरायला जागा उरत नाही म्हणून. हे लक्षात येईपर्यंत मी दोन रात्री वायरींची अदलाबदल करण्यात घालवल्या. एकेक वायर पुढे सरकवली की ठिणगी कॅमशाफ्टच्या नव्वद अंशांनी, म्हणजे क्रँकच्या एकशे ऐंशी अंशांनी बदलते. मला हवे होते त्यापेक्षा ते फार जास्त होते.

दुसऱ्या रविवारी डिस्ट्रिब्यूटर काढला, त्याखालचे हाउसिंग सोडवले, दांड्याच्या डोक्यात पाच सोळांश इंची यूएनएफ आट्यांचा लांब बोल्ट फिरवला आणि दांडा वर ओढून घेतला. त्याच्या डोक्यातली खाच मुद्दाम मध्यापासून सरकवलेली असते. तिच्या एका बाजूचा अर्धगोल मोठा आणि दुसऱ्या बाजूचा लहान असल्याने डिस्ट्रिब्यूटर तिच्यावर एकाच पद्धतीने बसतो. दांडा परत घालताना मोठा अर्धगोल वरच्या बाजूला ठेवायचा असतो. गियरचे दाते तिरके असल्यामुळे आत उतरताना दांडा घड्याळाच्या उलट दिशेने वळतो, म्हणून खाच किती आधी धरायची याचा अंदाज दोन-तीन वेळा काढून-घालूनच येतो. तिसऱ्या वेळी तो बसला तेव्हा रोटर एक नंबरसमोर आला आणि डबीला दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळाली.

मग बारा व्होल्टचा दिवा कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला आणि गाडीच्या बॉडीला जोडला. पॉइंट उघडताच हा दिवा लागतो. इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवत पुलीवरची खाच टीडीसीच्या ५ अंश आधी आणली, दिवा नुकता लागेल इतपत डिस्ट्रिब्यूटरची बॉडी फिरवली आणि क्लॅम्प आवळला. उलट दिशेने फिरवून खाच जुळवू नये, कारण चेनमधला ढिलेपणा त्यात मिसळतो.

यवतेश्वरचा घाट या वेळी तिसऱ्या गियरमध्ये पार झाला आणि काटा मध्यावरच राहिला. उत्सुकतेपोटी ८ अंशांवर नेऊन पाहिले, तेव्हा चढावर पाय दाबताच इंजिनातून बारीक खणखण ऐकू आली. ती ऐकताच ५ वर परत आणले.

एक काम राहिले आहे. स्ट्रोबखाली खाच स्थिर दिसत नाही, दोन अंशांच्या पट्ट्यात थरथरते. कॅमच्या चारही उंचवट्यांवर गॅप मोजला, तो ०.३६ ते ०.४० मिमी आला, आणि रोटरचा दांडा बोटांनी आडवा हलवला तर हातालाही ढिलाई जाणवते. त्याचा बुश झिजला आहे. पुढच्या आठवड्यात लेथवाल्याकडून नवा कांस्याचा बुश बनवून घ्यायचा आहे, आणि डिस्ट्रिब्यूटर उघडलाच आहे तर वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी आतली वजने व त्यांच्या स्प्रिंगाही धुऊन काढायच्या आहेत.