परसातल्या सफरचंदाची राखण

न्यू जर्सीत घरामागे सफरचंदाची दोन-तीन झाडे लावलेल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो: "पाने काळी पडली आहेत, फळांत अळी आहे, आता काय फवारू?" जुलैत हा प्रश्न येईपर्यंत त्या वर्षीच्या बहुतेक उपायांची वेळ टळून गेलेली असते, कारण सफरचंदाची राखण आदल्या वर्षीच्या पानगळीपासूनच सुरू करावी लागते.

इथल्या दमट वसंत ऋतूत सर्वांत त्रास देणारा रोग म्हणजे स्कॅब. त्याची बुरशी गळून पडलेल्या पानांत हिवाळा काढते आणि कळ्या फुटू लागल्या की पावसात तिचे बीजाणू उडून कोवळ्या पालवीवर बसतात. लागण होते की नाही, हे पान किती वेळ ओले राहते यावर ठरते. 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे 9 तासांचा ओलावा पुरतो, थंडीत त्याहून जास्त वेळ लागतो. पानावर आधी शेवाळी रंगाचा मखमली डाग दिसतो, पुढे तो काळपट होतो, आणि फळावर खपली धरून साल तडकते. म्हणून पानगळीनंतर झाडाखालची पाने गोळा करावीत किंवा लॉनमोअरने बारीक करावीत, आणि हिवाळा सरताना छाटणी करून झाडात वारा खेळता ठेवावा. नवे झाड लावणाऱ्यांना मी आग्रहाने लिबर्टी हा वाण सुचवतो. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील संशोधन केंद्राने तो 1978 मध्ये प्रसारित केला आणि स्कॅबला तो सहसा दाद देत नाही. गोल्डरशही स्कॅबला टिकतो, पण तांबेऱ्याला सहज बळी पडतो. हा तांबेरा शेजारच्या रेड सीडर या सदाहरित झाडावरून येतो. वसंतातल्या पावसात त्या झाडावरच्या गाठींतून नारिंगी, लिबलिबीत शिंगे बाहेर पडतात, ती एकदा पाहिली की विसरत नाहीत. सफरचंदाच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर तो पसरत नसल्याने डागाळलेली पाने खुडत बसण्यात अर्थ नाही.

फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग मात्र झाडच घेऊन जाऊ शकतो. शेंडा जळल्यासारखा होऊन आकड्यासारखा वाकला, की कोरड्या दिवशी रोगट भागाच्या 20 ते 30 सेंटिमीटर खाली फांदी कापावी आणि कात्री प्रत्येक वेळी अल्कोहोलने पुसावी.

किडींमध्ये कॉडलिंग मॉथ या पतंगाची अळी गर पोखरत थेट बियांपर्यंत जाते आणि छिद्रातून तपकिरी भुसा बाहेर टाकते. एकदा ती आत शिरली की कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याआधी, पाकळ्या गळताच, प्लम कर्क्युलिओ हा सोंड्या किडा इवल्या फळावर चंद्रकोरीसारखा व्रण करून अंडी घालतो. मोजक्या झाडांसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे पिशवी. नाशिककडे द्राक्षघडांना कागद लावतात, त्याच जातीचे हे काम आहे. प्रत्येक झुपक्यात एकच फळ ठेवून विरळणी करावी आणि फळ बोराएवढे झाले की त्यावर कागदी पिशवी चढवून देठाशी घट्ट बंद करावी. प्लॅस्टिकची असल्यास पाणी निथळण्यासाठी तिचे खालचे कोपरे कापावेत. कागदातल्या फळाला लाली कमी येते, म्हणून तोडणीच्या दोन-तीन आठवडे आधी पिशवी काढावी.

फवारणी अगदीच वर्ज्य नाही. कळ्या उमलण्याआधी बागायती तेल (हॉर्टिकल्चरल ऑइल) फवारले तर खवले कीड आणि कोळी किडीची (माइट) अंडी गुदमरतात. मात्र कॅप्टान हे बुरशीनाशक तेलाच्या आगेमागे वापरू नये, पाने करपतात. फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात नको, तेव्हा झाडावर मधमाश्या असतात.

जुलैपासून दिसणाऱ्या फळमाशीची अळी गळालेल्या फळातून जमिनीत उतरते, म्हणून पडलेली फळे रोज उचलावीत आणि ती कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बंद करून कचऱ्यात द्यावीत.