डिस्चार्ज कार्डावर नसलेले प्रश्न

आज शेजारच्या आजींना हॉस्पिटलमधून घरी आणलं. कार्डावर गोळ्यांच्या वेळा होत्या, फेरतपासणीची तारीख होती. घरी डबा कोण देणार, जिना कसा चढणार, तपासणीला कोण नेणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. फार लागलं मनाला.

रात्री अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा प्रयोग पुन्हा वाचला. २०२२ पासून तिथे मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या पैशातून, काही भागांत धान्य-भाजीची खोकी, घराची दुरुस्ती, आरोग्याशी संबंधित कामांसाठी ये-जा करायला गाडी मिळू लागली. रुग्णाची विचारपूस करून नेमकी मदत जोडून देणारा माणूसही होता. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि राज्याने हे नुसतं चालवलं नाही, संशोधकांकडून तपासूनही घेतलं: तातडीच्या विभागातल्या फेऱ्या घटल्या, उपचारांचा खर्चही कमी झाला.

तरीही जुलै २०२५ मध्ये निधीअभावी या सेवा थांबल्या. पुरावा हातात असताना! खरंच वाईट वाटतं.

आजींची तपासणी सोमवारी आहे. गाडीचं मी बघते. दुपारच्या डब्यासाठी आमच्या मजल्यावर कुणी तयार असेल तर कळवा.