बीआरटी जोडीचे गुण आणि शेवटी रेंगाळणारा तुरटपणा

केंटकीच्या मेकर्स मार्क या बर्बनच्या (मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीच्या) 2022 सालच्या बीआरटी-01 आणि बीआरटी-02 या दोन बाटल्यांचे गुण मी मागच्या नोंदीत राखून ठेवले होते. दोन्हींचा घोट उतरल्यावर हिरड्यांवर जो कोरडा तुरटपणा रेंगाळतो, तो स्टेव्हच्या, म्हणजे मुरवताना पिंपात घातलेल्या ओकच्या पट्ट्यांच्या, लाकडातून येतो की पंचावन्न टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमुळे तसा भास होतो, हे काही केल्या ठरत नव्हते. आता ते बऱ्याच अंशी ठरले आहे आणि त्यामुळे माझ्या तक्त्यातला क्रम उलटला आहे.

राय हे तिखट चवीचे धान्य घातलेल्या बर्बनमध्ये ओकमधून उतरलेली लवंग आणि दालचिनी धान्याच्याच तिखटपणात मिसळून जाते. मेकर्सच्या मॅश बिलमध्ये, म्हणजे धान्यांच्या मिश्रणात, 70 टक्के मका, 16 टक्के सॉफ्ट रेड विंटर गहू आणि 14 टक्के माल्टेड बार्ली असते. राय औषधालाही नाही. त्यामुळे फिनिशिंगच्या पट्ट्यांनी जे काही दिले, ते बरे असो वा वाईट, उघडे पडते. मेकर्सचीच 46 ही बाटली 2010 मध्ये आली, तेव्हा फ्रेंच ओकच्या दहा पट्ट्या घातलेली पिंपे केवळ हिवाळ्यातच मुरवली जात, आणि पुढे त्यासाठी लॉरेटो या डिस्टिलरीच्या गावी टेकडीत चुनखडीच्या खडकात वर्षभर थंड राहणारे तळघर करण्यात आले. उन्हाळ्याच्या उष्णतेत लाकडातून कडवट टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारे तुरट द्रव्य, अधिक सुटते, हे त्यामागचे कारण. फ्रेंच ओकमध्ये टॅनिन मुळातच अमेरिकन पांढऱ्या ओकपेक्षा जास्त असते. अमेरिकन ओकचा भर लॅक्टोनवर, म्हणजे नारळासारख्या गोड वासावर.

हे सगळे माहीत असूनही पेल्यात त्याचा उपयोग होत नव्हता, कारण 45 टक्क्यांची साधी मेकर्स आणि बीआरटी शेजारी ठेवली की लाकूड आणि तीव्रता दोन्ही एकदमच बदलतात. तिढा सोडवला तो मेकर्सच्या कास्क स्ट्रेंथने, म्हणजे पाणी घालून सौम्य न करता पिंपातल्याच तीव्रतेला भरलेल्या बाटलीने. मॅश बिल तेच, तीव्रता साधारण बीआरटीइतकीच, पण पट्ट्या नाहीत. साधी मेकर्स, कास्क स्ट्रेंथ, 46 आणि बीआरटीची जोडी असे पाच पेले मांडले, आधी जसेच्या तसे चाखले आणि मग सगळे 45 टक्क्यांवर आणून, पेल्यांच्या तळाला खुणा करून, घरच्यांकडून क्रम बदलून घेऊन पुन्हा चाखले. 55 टक्क्यांच्या 15 मिलिलिटरला त्यासाठी सुमारे 3.3 मिलिलिटर पाणी लागते. इथे ड्रॉपर कामाचा नाही. थेंबाचा आकार दर वेळी बदलतो. खुणा असलेला 5 मिलिलिटरचा काचेचा पिपेट स्वस्त आहे आणि तोच घ्यावा. पाणी डिस्टिल्डच हवे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन नाकाला आधी लागते.

जसेच्या तसे चाखताना कास्क स्ट्रेंथने घसा तापवला, पण घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटले. कोरडेपणाचे नाव नाही. 45 टक्क्यांवर ती साध्या मेकर्सच्या इतकी जवळ आली की दोघींत फरक उरला तो थोड्या जास्त कॅरमेलचा. म्हणजे अल्कोहोल या आरोपातून सुटले. 46 मध्ये तुरटपणा आहे, पण तो लवंगेच्या मागोमाग येतो आणि लवकर विरतो.

खरी गंमत बीआरटीत झाली. पाणी न घालता 02 मला नेहमीच अधिक आवडत आली आहे: काकवी, भाजलेले अक्रोड, थोडी ओली माती. 45 टक्क्यांवर मात्र तिचा मधला भाग पोकळ झाला आणि बाळहिरडा चघळल्यावर गालांचे आतले अस्तर जसे आवळते, तसा तुरटपणा थेट पुढे आला. तीव्रतेमुळे जाणवणारा गोडवा आणि जाडपणा आतापर्यंत त्यावर पांघरूण घालत होता. 01 ने उलट पाणी पचवले. व्हॅनिला आणि ब्राऊन शुगर मोकळी झाली, आणि कोरडेपणा आला तो अगदी शेवटी, बेताने. गोदामाच्या वरच्या उष्ण मजल्यांची चव पकडायची म्हणून 01 आणि खालच्या थंड मजल्यांची म्हणून 02, हा कंपनीचा हिशेब लक्षात घेता मला निकाल नेमका उलटा अपेक्षित होता. पाणी घातलेली 02 झाकून ठेवून दुसऱ्या संध्याकाळी चाखली तेव्हा ती थोडी सावरली होती, त्यामुळे तिच्यात पाणी घालणाऱ्यांनी ते आदल्या दिवशी घालावे.

दहापैकी गुण: 01 ला 8, 02 ला 7.5, 46 ला 7. पट्ट्या नसलेल्या कास्क स्ट्रेंथलाही मी 8 दिले आहेत, आणि किंमत पाहता ती बाटली मी आधी संपवीन.

यानंतर मेकर्सचीच पट्ट्या घातलेली आरसी6 ही बाटली उघडायची होती, पण हे लिहिता लिहिता वेगळेच सुचले. लाकडाची चव गव्हाच्या गोडव्याशिवाय ओळखता आली, तर हा सगळा खटाटोप अर्ध्यावर येईल. म्हणून आधी साध्या व्होडकात भाजलेल्या ओकचे चौकोनी तुकडे भिजवणार आहे, फ्रेंच आणि अमेरिकन वेगवेगळ्या बरण्यांत. वाइन बनवण्याचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून मागवलेल्या 'मीडियम प्लस' (मध्यमपेक्षा थोड्या जास्त भाजलेल्या) तुकड्यांची दोन पाकिटे मात्र रंगालाच एक नव्हती, आणि फिकट पाकिटातला तुकडा फोडला तर आतले लाकूड जवळजवळ कच्चेच निघाले. कच्च्या ओकचा तुरटपणा मोजायचा असता तर ते चालले असते. आता तुकडे स्वतःच ओव्हनमध्ये भाजून, एकेक फोडून पाहूनच वापरीन.

बरण्या तयार झाल्या की आरसी6 ऐवजी प्रायव्हेट सिलेक्शनकडे, म्हणजे पट्ट्यांची जुळणी खरेदीदार निवडतो त्या मेकर्सच्या बाटल्यांकडे, वळेन. पाच प्रकारच्या पट्ट्या आणि जागा दहा, त्यामुळे जुळण्या 1001 होतात, आणि कोणती पट्टी किती घातली ते बाटलीवर छापलेले असते. रोस्टेड फ्रेंच मोका जास्त असलेली एक आणि बेक्ड अमेरिकन प्युअर 2 जास्त असलेली एक, अशा दोन बाटल्या मी शोधत आहे. कोणाकडे त्यांपैकी एखादी उघडलेली असेल, तर 30 मिलिलिटरच्या बदल्यात बीआरटी-02 देईन, आणि तीही कागदी अस्तराच्या नव्हे, आत शंकू असलेल्या झाकणाच्या कुपीत.