पांढरे केस आणि आडनाव

"मावशी, पहिली वीस पानं वाच, मग बोल," म्हणत भाचीने ते जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. ती नववीत आहे. शाळा सुटल्यापासून ट्यूशनपर्यंतचा तिचा वेळ आमच्याकडेच जातो. पुस्तक होतं टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन', २०१८ साली आलेलं, पाचशेहून जास्त पानांचं. राजे, शाप, तलवारी यांत माझं मन कधी रमलं नाही. पण मी वाचायला बसले आणि त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

ओरिशा नावाच्या राज्यात काही मुलं पांढऱ्या केसांची जन्मतात. पूर्वी अशी मुलं तेराव्या वर्षी जादूगार व्हायची. कथा सुरू होते त्याच्या अकरा वर्षं आधी जादू लोपली आणि राजा सरानने वयाने मोठ्या जादूगारांची कत्तल केली. झेली तेव्हा लहान होती. तिच्या आईला साखळीने झाडाला लटकवलं गेलं. आता झेली सतरा वर्षांची आहे. पांढऱ्या केसांच्या कुणाकडेच जादू उरलेली नाही, घाबरावं असं काहीही उरलेलं नाही. तरी त्यांच्यावर वेगळा कर आहे, आणि तो भरता आला नाही की वेठबिगारी. शिपाई त्यांना अळी म्हणतात. कुजक्यात वळवळते ती अळी.

मला इथेच थांबावंसं वाटलं. छळ करणारे नेहमी सांगतात, हे लोक धोकादायक आहेत म्हणून. इथे धोका संपून अकरा वर्षं झालीत आणि कर वाढतोच आहे.

सुरुवातीचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बोरूच्या झोपडीत मामा अगबा नावाची म्हातारी मुलींना चोरून काठी चालवायला शिकवते. शिपाई आल्याची चाहूल लागते. क्षणात काठ्या गायब, कापडं बाहेर, आणि मुली मान खाली घालून शिवत बसलेल्या. शिपाई कर वाढल्याचं सांगतो. झेलीला तोंड आवरत नाही. म्हातारी काही न बोलता जवळची नाणी त्यांच्या हातावर ठेवते. त्या मुली किती सरावल्या आहेत हे त्या सुईदोऱ्यातून कळतं. नुसती काठी कशी धरायची एवढंच नाही, ती किती पटकन लपवायची हेही त्या शिकल्या आहेत.

भाचीने विचारलं, "त्यांनी केस रंगवायचे ना सरळ?"

मी तिला पुण्यातली गोष्ट सांगितली. तेवीस वर्षांची होते, खोली शोधत होते. घरमालकीणबाईंनी चहा दिला, नोकरी विचारली, मग आडनाव. माझ्या आडनावावरून त्यांना पक्कं कळेना, म्हणून गाव विचारलं. मग म्हणाल्या, "गावात नेमकं कुठं घर तुमचं?" मी सांगितलं. चहा संपायच्या आत खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवलं. झेलीचे केस लांबून दिसतात, आमचं विचारून काढावं लागतं, एवढाच फरक. पुढच्या घराच्या दारावर मी दोन वर्षं नुसतं नाव लावलं होतं, आडनावाशिवाय. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत होता. हे मी याआधी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून मला या पुस्तकात सगळ्यात जास्त इनान कळला. तो राजाचा मुलगा. त्याच्याच अंगात जादू जागी होते, केसांत पांढरी बट उगवते, आणि तो ती शिरस्त्राणाखाली दडवून आपल्याच सारख्यांच्या मागावर निघतो. भाचीला त्याचा संताप येतो. मला त्याच्या कृत्यांचा येतो, पण त्या शिरस्त्राणाचं वजन मला माहीत आहे. झेली आणि त्याचं प्रेम मात्र फार घाईत उरकलंय. जिच्या आईला त्याच्या बापाने मारलं तिला एवढ्या लवकर विश्वास वाटेल, हे मला पटलं नाही. त्यापेक्षा त्याची बहीण अमारी खरी वाटते. तिची जिवलग दासी बिंता राजाच्या हातून मारली जाते आणि तिथून तिचे डोळे उघडतात.

लेखिका नायजेरियन आईवडिलांची, अमेरिकेत वाढलेली. कथेतली देवदैवतं पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची आहेत. ती तिला पहिल्यांदा भेटली ब्राझीलमधल्या साल्वादोरला, जिथे ती अभ्यासासाठी गेली होती. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांसोबत ते देव समुद्रापार गेले होते. जादूचे मंत्र तिने योरुबातच ठेवलेत. मला ते एक अक्षर कळत नाही, तरी मोठ्याने वाचावेसे वाटले.

शेवटी लेखिकेची टीप आहे. निःशस्त्र काळ्या माणसांना पोलिसांनी गोळ्या घातल्याच्या बातम्या रोज पाहत असताना हे लिहिलं, असं ती सांगते. कथेतल्या मुलांसाठी रडला असाल तर यांच्यासाठीही रडा, म्हणते आणि नावं देते: जॉर्डन एडवर्ड्स, टमीर राइस, अयाना स्टॅनली-जोन्स. वयं पंधरा, बारा आणि सात.

ती टीप वाचताना मला माझे वडील आठवले. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, हे ते आम्हाला जेवताना सांगायचे. तिकडचे काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागताहेत हे कळल्यावर बाबासाहेबांनी त्या निवेदनाची प्रत मागवली होती. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या लांबच्या लोकांशी आपला काय संबंध?

भाचीने पुस्तक परत मागितलं नाही, टीपेचं पान तेवढं उघडून मागितलं. तिन्ही नावं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. टमीरच्या नावापाशी ती थांबली. तिचा भाऊ बारा वर्षांचा आहे. मग वही मिटली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या दारावर आता पूर्ण नाव आहे ना?"

ती बाहेर जाऊन बघून आली.