एकाच क्रमांकाच्या दोन आवृत्त्या

माझ्या एका छोट्या लायब्ररीची (म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडची) १.४.० ही आवृत्ती गिटहबवर, म्हणजे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतले कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, प्रसिद्ध केली आणि थोड्याच वेळात लक्षात आले, की एक नवी फाइल कमिट करायचीच (गिटमध्ये नोंदवायचीच) राहिली आहे. त्यानंतर मी जे केले ते लिहितानाही ओशाळल्यासारखे होते: फाइल जोडून नवा कमिट केला, टॅग, म्हणजे कमिटला दिलेली आवृत्तीची नावपट्टी, उचलून त्याच्यावर ठेवला आणि सक्तीने पुश केला, म्हणजे गिटहबवर चढवला. पुढचे काही दिवस अशा तक्रारी येत राहिल्या, ज्या माझ्या संगणकावर काही केल्या घडत नव्हत्या. ज्यांनी टॅग आधीच उतरवून घेतला होता त्यांच्याकडे जुनाच १.४.० राहिला होता, कारण गिटच्या २.२० आवृत्तीपासून साध्या फेचमध्ये (सर्व्हरवरचे बदल उतरवून घेताना) आपल्याकडचा टॅग परस्पर बदलला जात नाही. "तुमची आवृत्ती कोणती?" या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर एकच येई. शेवटी कमिटचा हॅश (प्रत्येक कमिटचा स्वतंत्र ओळखक्रमांक) विचारू लागलो, तेव्हा कुठे गुंता सुटला.

टॅग हा गिटचा असतो. त्याला जोडलेले रिलीजचे (प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीचे) पान, त्यावरची टिपणे आणि फाइली ही गिटहबने २०१३ मध्ये दिलेली सोय आहे. (टॅग साध्या पुशबरोबर आपोआप जात नाहीत, हेही मी फजितीनंतरच शिकलो.) लाइटवेट टॅग नुसते कमिटकडे बोट दाखवतो, तर अ‍ॅनोटेटेड टॅगमध्ये कोणी, कधी आणि कशासाठी तो लावला याची नोंद राहते, म्हणून प्रसिद्ध करायच्या आवृत्तीला मी दुसराच लावतो.

प्रत्येक रिलीजखाली स्रोताच्या झिप आणि टार अशा दोन फाइली आपोआप दिसतात. त्या साठवून ठेवलेल्या नसून मागणीनुसार तयार होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जानेवारी २०२३ मध्ये गिटची फाइली दाबून लहान करण्याची पद्धत बदलल्यामुळे, आतला मजकूर तोच असूनही, यांतल्या टार फाइलींचे चेकसम (फाइल तीच आहे का हे ताडून पाहण्याचे आकडे) बदलले, त्यांवर विसंबलेल्या अनेकांच्या बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बांधण्याची कामे) अडकल्या आणि गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हापासून मी स्वतः बांधलेली फाइल तिच्या चेकसमसह जोडतो. अशा फाइलीचा आकार २ गिबीबाइटच्या आत असावा लागतो, पण माझ्या लायब्ररीला ती मर्यादा कधी आठवणार नाही.

आता मी आधी रिलीजचा ड्राफ्ट (अप्रसिद्ध मसुदा) करतो, सर्व फाइली चढवतो, त्या दुसऱ्या संगणकावर उतरवून चालवून पाहतो आणि मगच प्रसिद्ध करतो, कारण गिटहबवरच्या वॉच बटणातील 'कस्टम' पर्यायातून फक्त रिलीज निवडलेल्या लोकांना सूचना जाते ती प्रसिद्धीच्या क्षणी, आणि गेलेली सूचना परत बोलावता येत नाही. चाचणीसाठीची आवृत्ती असल्यास तिच्यावर प्री-रिलीजची खूण करतो, म्हणजे ती 'लेटेस्ट' म्हणून पुढे येत नाही. २०२५ मध्ये आलेली अपरिवर्तनीय रिलीजची सोयही चालू केली आहे, तिच्यामुळे प्रसिद्धीनंतर टॅग आणि फाइली दोन्ही गोठतात.

सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या नियमांत प्रसिद्ध आवृत्तीत बदल करू नये, नवा क्रमांक द्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे; मी ते वाचलेही होते. त्या घोळानंतर १.४.१ काढली. १.४.० चे पान मी पुसले नाही, त्याच्या टिपणाची पहिली ओळ एवढीच आहे: "ही घेऊ नका, या क्रमांकाचे दोन वेगळे कमिट लोकांकडे आहेत."